शेवटच्या डब्याचं बूच

गोष्ट एकोणीसशे त्र्याण्णव सालातली आहे. त्या साली छापखान्याच्या मागच्या खोलीत संगणक आला आणि घरातल्या तीन जावांमध्ये बोटभर लांबीच्या एका बुचावरून असा काही रुसवा-फुगवा झाला, की छापखान्यातल्या यंत्राचा आवाजसुद्धा त्यापुढे शांत वाटावा.

खाली छापखाना आणि वर घर अशी ती वास्तू होती. थोरला मुलगा छपाईचं यंत्र चालवी, मधला कामं मिळवत गावभर हिंडे, धाकटा बांधणी बघे. अक्षरजुळणी मात्र तिघांच्या बायकांकडे. आधी शिशाचे खिळे जुळवले, मग त्यांचे दिवस भरले आणि संगणक आला. या सगळ्यावर मामंजींची देखरेख, आणि मामंजींवर सासूबाईंची.

मामंजींचा एक नियम होता. एकीला आणलं की तिघींना आणायचं. याला कारणही तसंच घडलं होतं. थोरली लग्न होऊन आली तेव्हा तिला शिवणयंत्र मिळालं. मधली आली तेव्हा घरात एक यंत्र आहेच की, म्हणून तिला मिळालं नाही. मग त्या वर्षात घरातल्या कुणाच्या फाटक्या कपड्याला तिने टाका घातला नाही, आणि मामंजी बाही उसवलेल्या सदऱ्यात गिऱ्हाइकांपुढे बसले. तेव्हापासून छत्र्या तीन, आरसे तीन, खुर्च्या तीन. धाकटीला चष्मा लागला तेव्हा उरलेल्या दोघींनाही डोळे तपासायला नेलं. मधलीला नंबर नव्हता, तरी ती साध्या काचेचा चष्मा घेऊन आली आणि काही दिवस तो नाकावर घालून भाजी निवडत होती.

संगणक तीन आणणं काही जमण्यासारखं नव्हतं. पण नियम तो नियम. मामंजींनी तोड काढली की संगणक सगळ्यांचा, पण काम साठवायच्या डिस्क तिघींच्या तीन. त्या काळच्या त्या डिस्क म्हणजे चांगले राखाडी रंगाचे डबेच होते, आणि घरात त्यांना डबेच म्हणत. संगणकातून एक जाड केबल निघून पहिल्या डब्यात जाई, पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. डबे मानाप्रमाणे मांडले होते. संगणकाशेजारी थोरलीचा, मग मधलीचा, टेबलाच्या टोकाला धाकटीचा.

जोडणी करायला आलेल्या माणसाला सगळे तारवाला म्हणत. त्याने तिसऱ्या डब्याच्या रिकाम्या तोंडात एक बूच बसवलं आणि धाकटी शेजारी उभी होती म्हणून तिला ते समजावलं. संगणक हाक मारतो, ती हाक केबलमधून शेवटपर्यंत जाते. शेवटी बूच नसेल तर ती आपटून माघारी येते आणि डब्यांना वाटतं, पुन्हा कुणीतरी बोलावलं. मग जो तो उत्तर देत सुटतो. बूच ती हाक शेवटी गिळून टाकतं. संगणकाकडच्या टोकाचा बंदोबस्त त्याच्या पोटातच केलेला असतो. तेव्हा बूच फक्त शेवटच्या डब्याला. मधल्यांना लावलं तर ते हाक अर्ध्या वाटेतच पिऊन टाकील आणि शेवटच्याच्या कानापर्यंत काही पोचणार नाही.

धाकटीने मान डोलावली. थोरली दारात उभी राहून बघत होती. तिला हाक-बिक ऐकू आली नाही. तिला दिसलं ते एवढंच, की शेंडेफळाच्या डब्याला काहीतरी बसवलं आणि आपला डबा तसाच राहिला.

थोरली बाजारात मडकं घ्यायला गेली तर दुकानातली सगळी मडकी वाजवून बघणारी बाई. तिला फसवणं सोपं नव्हतं आणि समजावणं तर त्याहून नाही. त्या दिवशी जेवताना तिने मामंजींच्या ताटात वाढता वाढता सहज विचारलं, "धाकटीचा डबा झाकायचा आणि आमचे उघडे ठेवायचे, हे तारवाल्याने ठरवलं की घरातून सांगितलं होतं?"

मामंजींनी हातातला घास परत ताटात ठेवला. दुसऱ्याच दिवशी ते स्वतः दुकानात जाऊन आणखी दोन बुचं घेऊन आले. पहिल्या दोन डब्यांची दोन्ही तोंडं केबलने अडलेली, तर दुकानदाराने अशी बुचं दिली की ज्यांच्या पाठीवर पुन्हा केबल लावता येते. शिवाय तिघींत डावं-उजवं नको म्हणून मामंजींनी धाकटीचंही बदलून तसलंच आणलं. तिन्ही एका घडणीची, एका रंगाची. तिघींना समसमान. मामंजी त्या रात्री निवांत झोपले.

संगणक मात्र निवांत राहिला नाही. पडद्यावर थोरलीचा डबा दिसे, मधलीचा आढेवेढे घेत दिसे, आणि धाकटीचा लहर लागली तर उगवे, नाहीतर नाही. उघडलेलं पान मध्येच गोठून जाई.

धाकटीच्या डब्यात जे होतं ते दुसऱ्या कुणाच्या डब्यात नव्हतं. थोरली शाळांची आणि कंपन्यांची अहवालपुस्तकं करी, मधली पत्रिका आणि लेबलं. धाकटी मुलांसाठी एक चित्रकोश करत होती. घरातल्या आणि कामधंद्यातल्या अवजारांचा कोश. चिमटा, रंधा, सांडशी, कातर, नरसाळं, प्रत्येकाचं चित्र आणि खाली त्याच्याविषयी चार ओळी. चित्रं तिने स्वतः काढून संगणकात घेतली होती. काम कुणी दिलेलं नव्हतं. बांधणीच्या खोलीत बसून छापील कागदांच्या फर्म्यांना घड्या घालायचा तिला वीट आला होता, आणि हा कोश तिने त्या घड्यांच्या मधल्या फटींतून उभा केला होता.

आता एक प्रकाशक शुक्रवारी तो बघायला येणार होते. त्यांना पटला तर पुढची सगळी मालिका याच छापखान्यात होणार. नाही पटला तर मामंजींनी आधीच सांगून ठेवलं होतं, मागच्या खोलीत कागदाचे गठ्ठे येतील, संगणक पलीकडच्या छापखान्याला देऊन टाकू, आणि धाकटीने बांधणीत हात लावावा. मामंजींचा तिच्यावर राग नव्हता. त्यांना फक्त गठ्ठ्यांना ओल लागते याची काळजी होती.

धाकटीला दुखणं कळलेलं होतं. तारवाल्याचं बोलणं ती विसरली नव्हती. तिने गुपचूप पहिली दोन बुचं काढून खणात ठेवली आणि केबल सरळ लावली. तिचा डबा ताबडतोब पडद्यावर आला.

पण थोरलीही सकाळी आली. तिने डब्यामागे वाकून पाहिलं, खण उघडला, बुचं उचलली, आणि मामंजींच्या समोर टेबलावर ठेवली. मधलीने मागून पुस्ती जोडली, की आम्हाला नकोच होती हो, उगीच आणलीत, काढून घ्यायची होती तर. धाकटीने सगळं समजावून सांगितलं. हाक, माघार, मधेच पिणं, सगळं. थोरलीने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे काम करतं ते तुझं बूच," ती म्हणाली. "आमची नुसती शोभेची."

"तसं नाही, ताई. जो शेवटी असेल त्याचं."

"आणि शेवटी कोण आहे?"

मामंजींनी दोन्ही हात वर करून निवाडा दिला. एकतर तिन्हींना बुचं, नाहीतर एकालाही नाही. एकालाही नाही हेही करून पाहिलं. तेव्हा पडद्यावर मधलीचा डबा चक्क दोनदा दिसू लागला आणि मधली इतकी खूश झाली, की तो प्रकार आवरता आवरता पुरेवाट झाली. शेवटी तिन्ही बुचं परत लागली. धाकटीचा डबा पुन्हा गडप झाला. शुक्रवार दोन दिवसांवर आला.

दुपारी घर जेवून आडवं झालं होतं. धाकटी मागच्या खोलीत पडद्यासमोर गालाला हात लावून बसली होती. सासूबाई आत आल्या, दार लावून घेतलं आणि खुर्ची ओढली. त्यांना संगणकातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण चित्रकोशात त्यांचा जीव गुंतला होता. त्यातली निम्मी अवजारं त्यांनीच माळ्यावरून काढून दिली होती. शिवाय आपल्या घरात कागदाचे गठ्ठे आले की पाठोपाठ उंदीर येतात, हा त्यांचा अनुभव होता.

त्यांनी विचारलं, की ही बुचं आतून सारखी असायला हवीत, असं कुणी म्हटलंय का?

धाकटीला कळेना.

"अगं, तुझे सासरे तिघींना सारखं आणतात. सारखं दिसतं, एवढंच मी बघते," सासूबाई म्हणाल्या. "मागच्या थंडीत तिघींना शाली आणल्या, आठवतंय? एकाच ठाणातल्या म्हणून दिल्या. त्या नव्हत्या. तुझी तेवढी लोकरीची. तू खोकत होतीस. काठ मी उसवून तिन्हींना सारखे लावले."

धाकटी त्यांच्याकडे बघतच राहिली. इतकी वर्षं जी बाई देवासारखी मध्ये बसून तिघींना तोलून मापून वाढते असं तिला वाटत होतं, ती प्रत्यक्षात पक्की बिलंदर होती. आणखी किती गोष्टींचे काठ बदललेले आहेत, हे विचारायचं तिला धाडस झालं नाही. सासूबाईंनीही आपण होऊन सांगितलं नाही. त्यांनी पदरातून शिवणयंत्राचा छोटा स्क्रूड्रायव्हर आणि केस उपटायचा चिमटा काढला आणि म्हणाल्या, चल, उघड.

थोरलीच्या आणि मधलीच्या बुचाच्या दोन बाजू उघडल्या. आत आरपार जाणाऱ्या तारा होत्या, आणि त्यांना चिकटून खोबणीत बसवलेल्या काळ्या पट्ट्या, कंगव्याच्या मोडक्या तुकड्यांसारख्या. हाक गिळतात त्या याच, हे धाकटीने ताडलं. तारांना धक्का न लावता तिने चिमट्याने एकेक पट्टी उपटली. सासूबाई दाराकडे कान देऊन बसल्या आणि मध्येच मोठ्याने खोकल्या, कारण बाहेर पावलं वाजली. तो मामंजींचा पाणी प्यायचा फेरा होता. त्या गडबडीत थोरलीच्या बुचावर स्क्रूड्रायव्हर निसटला आणि एक बारीक ओरखडा उठला. सासूबाईंनी ओरखड्यावर थुंकीचं बोट फिरवलं, तिरपं धरून पाहिलं आणि म्हणाल्या, दिसत नाही. पट्ट्या त्यांनी आपल्या बटणांच्या डब्यात टाकून दिल्या.

पोकळ बुचं जागच्या जागी बसली. तिन्ही एकसारखी, आणि खरं एकच, शेवटचं. संगणक सुरू केला तर तिन्ही डबे पडद्यावर शहाण्या मुलांसारखे रांगेत उभे. संध्याकाळी थोरलीने येऊन डब्यांमागे नजर टाकली, बुचं मोजली आणि समाधानाने निघून गेली. धाकटीला हसू आवरेना. स्वयंपाकघरात सासूबाईंच्या नजरेला नजर भिडली की दोघी लगबगीने भांडी घासायला घेत, त्यामुळे त्या आठवड्यात घरातली भांडी आरशासारखी लखलखली.

शुक्रवारी प्रकाशक आले. ताठ बसणारे, कमी बोलणारे, आणि सतत एक पाय हलवत राहणारे गृहस्थ. टेबलाच्या टोकाला, खिडकीपाशी त्यांची खुर्ची मांडली होती. घरातली सगळी माणसं काही ना काही निमित्ताने खोलीत जमली. थोरलीने सकाळीच खोली झाडून पुसून घेतली होती, आणि डबेही. मामंजी भिंतीकडे बघत होते. गठ्ठे किती उंच रचता येतील याचा त्यांचा अंदाज चालला असावा.

धाकटीने संगणक सुरू केला. पडद्यावर थोरलीचा डबा आला. मधलीचा आला. तिसरा आला नाही.

तिने बंद करून पुन्हा सुरू केला. तिसरा डबा क्षणभर लुकलुकला आणि गेला. मधली जांभई देतेय असं दाखवून तोंडावर हात ठेवून हसली. प्रकाशकांचा पाय जोरात हलू लागला. धाकटी टेबलामागे वाकली. केबल घट्ट होती, वीज होती. मग तिला तिच्याच डब्याच्या बुचावर एक बारीक ओरखडा दिसला.

तो थोरलीच्या बुचावरचा ओरखडा होता. डबे पुसता पुसता थोरलीने बुचं अदलाबदल केली होती. ओरखडा असलेलं धाकटीला आणि कोरं आपल्याला. खरं बूच आता पहिल्या डब्यावर होतं आणि शेवटी बसलं होतं ते नुसतं टरफल.

आता बूच बदलून घ्यायचं म्हणजे सगळ्यांसमोर थोरलीच्या डब्याचं बूच काढून आपल्याला लावायचं. ते केलं असतं तर चित्रकोश दिसला असता खरा, पण त्या घरात पुन्हा कुणी धाकटीच्या शब्दाला उत्तर दिलं नसतं. आणि का, असं विचारलं असतं तर सासूबाईंचा बटणांचा डबा उघडावा लागला असता. ती गुडघ्यावर बसल्या बसल्या सासूबाईंकडे बघत राहिली. सासूबाई ओरखड्याकडे बघत होत्या. त्यांचं ते थुंकीचं बोट पदराआड गेलं होतं.

मग धाकटीला तारवाल्याचे शब्द आठवले. बूच कुणाचं याला महत्त्व नाही, शेवटी कोण आहे याला आहे.

ती उभी राहिली, हात झटकले आणि थोरलीकडे वळली.

"ताई, पाहुणे इकडे बसलेत आणि तुमचा डबा त्या टोकाला. थोरल्यांचा डबा पाहुण्यांजवळ हवा. इकडे आणू का?"

खोलीत कुणालाच काही कळलं नाही. थोरलीने धाकटीला डोक्यापासून पायापर्यंत निरखून पाहिलं. मडकं वाजवावं तसं पाहिलं. मग म्हणाली, "आण. उशिरा का होईना, सुचलं."

"मला आल्यापासून वाटत होतं, मांडणी चुकलीय," सासूबाई म्हणाल्या आणि डबा उचलायला स्वतः पुढे झाल्या.

संगणक बंद केला. थोरलीचा डबा, त्याच्या कोऱ्या बुचासकट, टेबलाच्या टोकाला प्रकाशकांच्या कोपरापाशी येऊन बसला. धाकटीचा गेला पहिल्या जागी. प्रकाशकांनी हे काय चाललंय असं मामंजींना विचारलं. आमच्याकडे थोरल्यांचा मान आधी, मग कामं, असं मामंजी छाती काढून म्हणाले. ते त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की गठ्ठ्यांची भिंत विसरून ते पडद्यासमोर येऊन उभे राहिले.

पडद्यावर तीन डबे आले. तिन्ही टिकले.

धाकटीने चित्रकोश उघडला. प्रकाशक बघत गेले. सांडशीवर ते काही बोलले नाहीत, रंध्यावर काही बोलले नाहीत. चिमट्याच्या चित्रावर मात्र थांबले. त्याचा एक पाय किंचित वाकडा होता, कारण सासूबाईंच्या स्वयंपाकघरातला चिमटा तसाच होता. प्रकाशकांनी विचारलं, हा वाकडा का? धाकटी म्हणाली, वापरातला आहे म्हणून. प्रकाशकांचा पाय हलायचा थांबला. पुढची पानं त्यांनी सावकाश पाहिली, आणि शेवटी विचारलं, की पुढचा भाग कशाचा करता येईल? मागच्या बाजूने थोरली म्हणाली, भांड्यांचा. मी सांगेन तिला कुठलं भांडं कसं वाजतं ते.

खोली राहिली. कागदाचे गठ्ठे जिन्याखाली गेले. डब्यांची नवी मांडणीही तशीच राहिली, कारण थोरलीला टोकाची जागा मानाची वाटू लागली आणि तिथून ती हलायला तयार नव्हती. काही महिन्यांनी तारवाला देखभालीला आला, तीन डब्यांवर तीन बुचं बघून त्याने आ वासला. सासूबाईंनी त्याच्या हातात चहा दिला आणि विचारलं, चालतंय ना? चालतंय, तो म्हणाला. मग बघू नका, असं त्या म्हणाल्या.

पुढे काय काय झालं ते सांगायला हवं. तारवाल्याने मोबाइल फोनचं दुकान टाकलं आणि आता त्याला तारांचं नाव काढलेलं आवडत नाही. प्रकाशकांनी चित्रकोशाचे पुढचे भाग काढले, मग धंदा मुलीच्या हाती दिला. तिच्या टेबलावर अजून वाकड्या चिमट्याचं पान चौकटीत आहे म्हणतात. मधलीने वेगळं पत्रिकांचं दुकान काढलं. जाताना आपलं बूच आठवणीने घेऊन गेली. डबा केव्हाच भंगारात गेला, पण बूच ती कागद उडू नयेत म्हणून वापरते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, हे नसतं तर त्या काळी संगणक चालले नसते. मामंजी गेले ते मागे सगळं तीन भागांत नीट वाटून. फक्त घड्याळ एकच होतं, तर ते आळीपाळीने तीन घरांत फिरतं. सासूबाई त्यांच्यानंतर बऱ्याच वर्षांनी गेल्या. त्यांच्या बटणांच्या डब्यात कंगव्याचे तुकडे निघाले, आणि नातवंडांनी ते टाकून दिले.

धाकटीचे केस आता पांढरे झाले आहेत. चित्रकोशाच्या आवृत्त्या अजून निघतात. नव्या संगणकांना बुचं लागत नाहीत.

सासूबाई गेल्यानंतरच्या थंडीत दोघी जावा गच्चीवर उन्हात बसल्या होत्या. धाकटीच्या अंगावर ती जुनी शाल होती. आता लपवण्यासारखं कुणी उरलं नाही असं वाटून धाकटीने बुचांची गोष्ट काढली. दुपार, स्क्रूड्रायव्हर, चिमटा, सगळं सांगून टाकलं. थोरली शेंगा सोलत होती. ती सोलतच राहिली.

"मला काय सांगतेस," ती म्हणाली. "पुसायला काढलं तेव्हाच टिचकी मारून पाहिलं. माझं पोकळ वाजलं, मधलीचं पोकळ वाजलं, तुझं भरीव. घरात एकच खरं असेल तर ते थोरलीकडे नको?"

धाकटीने विचारलं, मग शालीचं?

थोरलीने हात पुढे करून शालीचा काठ दोन बोटांत धरला, चोळून पाहिला आणि सोडून दिला.

"ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. शाल सोडून दिली. तू खोकत होतीस."